त्रुटीचा श्लोक

भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त, गणिताध्यायाच्या सुरुवातीलाच, कालमानाचे तीन श्लोक आहेत. पुढे ग्रहांच्या गती, ग्रहणं, त्रिप्रश्न असा भारदस्त मजकूर असल्यामुळे या तिघांकडे सहसा कोणी थांबून पाहत नाही. त्यांत सांगितलंय तरी काय? इतक्या त्रुटींचा एक तत्पर, इतक्या तत्परांचा एक निमेष, असं करत करत दिवस, महिना आणि वर्ष. म्हणजे वहीच्या मागच्या पानावर छापतात तसं कोष्टकच. पण कोष्टकालाही रचना असते, आणि रचना आली की तिचा आस्वाद घेता येतो. हे तीन श्लोक त्या दृष्टीने वाचावेत, त्यातही पहिला अगदी सावकाश वाचावा, असं मला फार वाटतं. शके १०७२ मध्ये, म्हणजे इसवी सन ११५० मध्ये, छत्तीस वर्षांच्या माणसाने ते रचले आहेत.

पहिली मौज आहे ती आरंभाच्या जागेची. कोष्टक लिहायचं तर आपण एक तर सगळ्यात लहान मापापासून वर चढू, नाही तर सगळ्यात मोठ्या मापापासून खाली उतरू. भास्कराचार्य मधूनच सुरू करतात आणि सुरुवात करतात ती डोळ्यापासून. श्लोकाच्या पहिल्याच शब्दांत डोळे येतात, तेही द्विवचनात. दोन्ही डोळ्यांची पापणी लवायला लागणारा वेळ तो निमेष. हे माप कोणाला समजावून सांगावं लागत नाही, ते प्रत्येकाच्या चेहऱ्यावरच आहे. या ओळखीच्या जागी वाचकाला उभं केल्यावर ते आधी त्याला खाली नेतात. निमेषाचा तिसावा भाग तत्पर आणि तत्पराचा शंभरावा भाग त्रुटी. खाली फक्त दोनच पायऱ्या आहेत आणि त्या एका दमात उतरायच्या आहेत. मग पुन्हा निमेषावर येऊन वरची चढण सुरू होते. अठरा निमेषांची काष्ठा, तीस काष्ठांची कला, तीस कलांची घटिका.

आता त्या दोन पायऱ्यांची बांधणी जवळून पाहू. वृत्त उपजाती आहे. पहिला आणि चौथा चरण इंद्रवज्रेचा, मधले दोन उपेंद्रवज्रेचे. शाळेत ‘यमाताराजभानसलगा’ घोकलेल्या कोणालाही गण पाडून हे तपासता येईल. त्रुटीची व्याख्या दुसऱ्या चरणात येते, पण पुरी होत नाही. तत्पराचा शंभरावा भाग ‘म्हटला आहे’, इथे चरण संपतो. नुसता चरणच नाही, श्लोकाचा पूर्वार्धच संपतो. म्हणणाऱ्याने इथे श्वास घ्यायचा असतो. काय म्हटलं आहे ते अजून सांगितलेलं नाही. ‘त्रुटी’ हा शब्द येतो तो श्वास घेऊन झाल्यावर, उत्तरार्धाच्या तोंडाशी. गंमत अशी की कान तयार असलेल्याला आधीच सुगावा लागलेला असतो. तत्पर पुल्लिंगी, भागही पुल्लिंगी, आणि तरी क्रियापदाचं रूप मात्र स्त्रीलिंगी. म्हणजे कोणी तरी ‘ती’ येते आहे. अखंड कोष्टकातलं सगळ्यात सूक्ष्म माप असं विरामापलीकडे उभं केलेलं आहे. हे छंदाच्या सोयीने झालं असेल, असं कोणी म्हणेल. असेलही. पण सोय साधताना जागा नेमकी सापडणं यालाच तर कारागिरी म्हणतात.

संख्या सांगण्याची तऱ्हाही पाहण्यासारखी आहे. तीस हा आकडा या तीन श्लोकांत पाच वेळा येतो. तो कधी सरळ ‘त्रिंशत्’ असतो, कधी ‘खराम’ आणि एकदा ‘खगुण’. ख म्हणजे आकाश, म्हणजे शून्य. राम तीन, गुणही तीन. अंक उजवीकडून डावीकडे मांडायचे, म्हणजे झाले तीस. अठरासाठी ‘धृति’ हा शब्द आहे, कारण धृति हा अठरा अक्षरी चरणांच्या छंदांचा वर्ग. म्हणजे वेळेच्या मापातला गुणक छंदशास्त्रातून उसना आणला आहे. शंभर मात्र ‘शत’ असं साधंच सांगितलंय. सगळ्यात मोठी उडी जिथे आहे तिथे शब्दाचा खेळ टाळलेला आहे, हे मला विशेष आवडतं.

आता आकडेमोड करू. तिच्याशिवाय या श्लोकाचा रस अर्धाच राहतो. दिवसाच्या साठ घटिका, घटिकेच्या तीस कला, कलेच्या तीस काष्ठा, काष्ठेचे अठरा निमेष. म्हणजे अहोरात्रात ९,७२,००० निमेष झाले. त्यांना तीसने आणि मग शंभराने गुणलं की दिवसाच्या त्रुटी निघतात २९१ कोटी ६० लाख. दिवसाचे सेकंद ८६,४००. भागाकार करून पाहा, बाकी उरत नाही. एका सेकंदात बरोबर ३३,७५० त्रुटी. म्हणजे एक त्रुटी सुमारे २९.६ मायक्रोसेकंदांची. तासाच्या बारा कोटी पंधरा लाख, आणि घटिकेच्या चार कोटी शहाऐंशी लाख.

इथे एक बारकावा आहे. भास्कराचार्य घटिकेला ‘आर्क्षी’ हे विशेषण लावतात. ऋक्ष म्हणजे नक्षत्र. तेव्हा ही घटिका सूर्यावरून मोजलेली नाही, ताऱ्यांवरून मोजलेली आहे. नाक्षत्र दिवस २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांचा असतो. त्या हिशोबाने त्रुटी २९.५ मायक्रोसेकंदांवर येते. फरक हजारात तिनाहूनही कमी, पण त्यासाठी श्लोकात दोन अक्षरांची जागा राखून ठेवली आहे. सोयीसाठी मी पुढे साध्या दिवसाचाच हिशोब धरतो.

दुसऱ्या श्लोकात घटिकेनंतर क्षण येतो, आणि आजचा वाचक चमकतो, कारण इथला क्षण दोन घटिकांचा आहे, म्हणजे ४८ मिनिटांचा. कचेरीत ‘एक क्षण थांबा हं’ असं सांगून आत गेलेला माणूस याच क्षणाचा हिशोब ठेवत असावा.

तीस क्षणांचा दिवस झाला की एक उतरंड पुरी होते. दुसरा कोणी इथे थांबला असता. भास्कराचार्य त्याच श्लोकाच्या उत्तरार्धात दुसरी उतरंड रचायला घेतात. ही डोळ्यावरून नाही, उच्चारावरून. दहा गुरू अक्षरं म्हणायला लागणारा वेळ तो असु, सहा असूंचं पळ, साठ पळांची घटिका, साठ घटिकांचा दिवस. असु म्हणजे प्राण, निरोगी माणसाचा एक श्वासोच्छ्वास. हिशोब केला तर असु चार सेकंदांचा निघतो, म्हणजे मिनिटाला पंधरा श्वास. आजचे डॉक्टर स्वस्थ प्रौढ माणसासाठी मिनिटाला बारा ते वीस श्वास धरतात. दिवसाचे असु २१,६००. योगमार्गातल्या अजपाजपाची हीच एकवीस हजार सहाशेची संख्या आपल्याकडे कीर्तन-प्रवचनांतून कानावर पडलेली असते. आणि वर्तुळाच्या ३६० अंशांच्या कलाही (ही कला काळाची नव्हे, अंशाचा साठावा भाग) २१,६०० च. तेव्हा तारे ज्या वेगाने डोक्यावरून फिरताना दिसतात, तो वेग दर श्वासाला एक कला इतका पडतो. घटिकेला ‘आर्क्षी’ का म्हटलं त्याचं उत्तर इथे मिळतं. साध्या सौर दिवसावर हा मेळ अगदी काटेकोर बसत नाही, नाक्षत्र दिवसावर बसतो.

दोन उतरंडी घटिकेपाशी एकमेकींना भेटतात. त्यामुळे एकीतलं माप दुसरीत नेता येतं. एक गुरू अक्षर म्हणजे ०.४ सेकंद, साडेचार निमेष, १३,५०० त्रुटी. आता पहिला श्लोक याच फूटपट्टीने मोजून पाहा. इंद्रवज्रेच्या चरणात १८ मात्रा आणि उपेंद्रवज्रेच्या १७. दोन अधिक दोन चरण मिळून ७० मात्रा, म्हणजे ३५ गुरू अक्षरांचा वेळ. भास्कराचार्यांच्याच मापाने हा श्लोक म्हणायला चौदा सेकंद लागतात, आणि तेवढ्यात ४,७२,५०० त्रुटी उलटतात. त्रुटी म्हणजे काय हे सांगून होईपर्यंत पावणेपाच लाख त्रुटी सरलेल्या असतात. हे गणित त्यांनी ग्रंथात केलेलं नाही, वाचणाऱ्याने करायचं आहे. पण त्यासाठी लागणारी दोन्ही मापं त्यांनी शेजारी शेजारी ठेवली आहेत.

तिसऱ्या श्लोकात वेग वाढतो. तीस दिवसांचा महिना, बारा महिन्यांचं वर्ष. आणि शेवटच्या अर्ध्यात काळावरून थेट अवकाशाकडे वळण घेतलं आहे. वर्ष, महिना, दिवस, घटिका, पळ यांचे जे विभाग, तेच वर्तुळात चक्र, राशी, अंश, कला, विकला यांचे. बारा, तीस, साठ, साठ. गुणक तेच, फक्त क्षेत्र बदललं. डोळ्याच्या पापणीपासून निघालेला वाचक तीन श्लोकांत राशिचक्रापर्यंत पोचतो. मधे कुठेही ‘अहाहा’ नाही, उपमा नाही, देवाचं नाव नाही.

हे सगळं भास्कराचार्यांनी शून्यातून निर्माण केलं असं मात्र नाही. अठरा आणि तीस हे गुणक फार जुने. मनुस्मृतीतही अठरा निमेषांची काष्ठा आणि तीस काष्ठांची कला आहे, पण तिथे तीस कलांचा मुहूर्त होतो, त्यामुळे मनूचा निमेष भास्कराचार्यांच्या बरोबर दुप्पट पडतो, सुमारे ०.१८ सेकंद. अमरकोशात मधे आणखी एक पायरी घातल्याने निमेष एका सेकंदाच्या सत्तराव्या भागाजवळ घसरतो. इतक्या वेगाने कोणाची पापणी लवत नाही. पापणीची पुरी उघडझाप सेकंदाच्या साधारण एक ते चार दशांशांत होते. भास्कराचार्यांचा निमेष ०.०८९ सेकंद, म्हणजे तोही थोडा घाईचाच. भागवताच्या तिसऱ्या स्कंधातली उतरंड सगळ्यांत चित्रमय आहे. तिथे झरोक्यातून येणाऱ्या उन्हात तरंगणारे त्रसरेणू आहेत, आणि तीन त्रसरेणू ओलांडायला सूर्याला लागणारा वेळ ती त्रुटी. शंभर त्रुटींचा वेध, तीन वेधांचा लव, तीन लवांचा निमेष असं करत गेलं की ती त्रुटी सुमारे ४७४ मायक्रोसेकंदांची ठरते. भास्कराचार्यांच्या त्रुटीच्या बरोबर सोळापट. चित्र म्हणून भागवत सरस, यात वाद नाही. पण भागवत परमाणूपाशी थांबतं, त्याखाली काही नाही असं मानतं. भास्कराचार्य त्रुटीपाशी थांबतात खरे, पण ही शेवटची पायरी असं म्हणत नाहीत. पुढे कोणाला भाग पाडायचे असतील तर त्याला वाट मोकळी आहे.

सूर्यसिद्धान्ताने याबाबत स्वच्छ रेघ ओढली होती. प्राणापासून वरचा काळ मूर्त, त्रुटीपासूनचा अमूर्त. म्हणजे श्वास अनुभवता येतो, त्रुटी अनुभवता येत नाही. भास्कराचार्यांच्या दोन उतरंडी या रेघेच्या दोन बाजू आहेत असं वाचलं तर त्यांची मांडणी आणखी उठून दिसते.

हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण फॉरवर्ड होऊन येणाऱ्या मजकुरांतून त्रुटी आपल्याला नेहमी भेटते ती ‘आपल्या पूर्वजांनी मायक्रोसेकंद मोजले होते’ या थाटात. मोजले नव्हते. बाराव्या शतकात वेळ मोजायचं भरवशाचं साधन होतं घटिकापात्र, तळाला भोक असलेलं तांब्याचं भांडं, जे पाण्यात ठेवलं की भरत भरत बुडतं. आपल्याकडे लग्नघरांत मुहूर्तासाठी घंगाळात घटका ठेवायचे ते हेच. लीलावतीच्या लग्नात या पात्राच्या भोकात मोती अडकल्याची जी कथा सांगतात, ती फैजीने अकबराच्या काळात केलेल्या ‘लीलावती’च्या फारसी भाषांतरातून पसरलेली दंतकथा. खुद्द भास्कराचार्य गोलाध्यायात या पात्राबद्दल फार व्यवहारी आहेत. भांडं अमुक वजनाचं हवं, भोक अमुक मापाचं हवं या काथ्याकुटात ते शिरत नाहीत. अहोरात्रात भांडं किती वेळा बुडतं ते मोजा आणि अहोरात्राला त्या संख्येने भागा, म्हणजे तुमच्या भांड्याचं माप कळेल, असं ते सांगतात. साधनाच्या मर्यादेची इतकी जाण असलेला माणूस आपण त्रुटी मोजतो असं समजेल हे संभवतच नाही. ग्रहगणितातही त्यांचा रोजचा कारभार घटिका, पळं आणि विपळांवरच चालतो.

मग त्रुटी हवी कशाला? उत्तर त्यांनीच काही श्लोक आधी दिलेलं आहे. सिद्धान्तग्रंथ कशाला म्हणावं याची व्याख्या करताना पहिली अट ते घालतात ती त्रुटीपासून प्रलयापर्यंतच्या कालगणनेची. त्रुटी आणि प्रलय ही गणनेच्या मुलखाची दोन टोकं. वरच्या टोकाला ४३२ कोटी वर्षांचा कल्प, त्याचे सावन दिवस १,५७,७९१ कोटी ६४ लाख ५० हजार. त्यांना दिवसाच्या त्रुटींनी गुणलं तर एका कल्पाच्या त्रुटी येतात साधारण ४६ वर वीस शून्यं. हा आकडा कशाला उपयोगी पडत नाही, पण या दोन टोकांच्या मधे होणारी कोणतीही घटना, चंद्रग्रहण असो की पापणीची हालचाल, एकाच मापपट्टीवर बसवता येते. त्यातही हा माणूस ग्रहाची दिवसाची सरासरी गती भागवून नेणाऱ्यांतला नव्हता. चंद्राची गती दर घडीला बदलते, तेव्हा तिथी संपण्याची वेळ काढायला त्या त्या वेळेची, तात्कालिक गती हवी, हे स्पष्टाधिकारात त्यांनी सांगितलं आहे. त्या विचाराला त्रुटीची गरज नव्हती, हे कबूल. पण काळाचे वाटेल तेवढे बारीक तुकडे कल्पनेत करता येतात, ही सवय मात्र दोन्हीकडे एकच दिसते.

आज त्रुटी मोजणं हा पोरखेळ आहे. १९६७ पासून सेकंदाची व्याख्या सीझियम-१३३ च्या अणूतल्या ९,१९,२६,३१,७७० आवर्तनांवरून करतात. त्यातली जवळजवळ पावणेतीन लाख, नेमकं सांगायचं तर २,७२,३७४ पूर्ण आवर्तनं एका त्रुटीत मावतात. एका त्रुटीत प्रकाश ८.८८ किलोमीटर जातो. गाण्याच्या सीडीवर दर सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने असतात, म्हणजे दोन नमुन्यांमधलं अंतर त्रुटीच्या जेमतेम पाऊणपट. आणि सगळ्यात सुखद योगायोग जीपीएसचा. त्या उपग्रहांवरची घड्याळं सापेक्षतेमुळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात. आपल्या मापात सव्वा त्रुटी. ती दुरुस्त केली नाही तर एका दिवसात सुमारे अकरा किलोमीटरच्या प्रकाशप्रवासाइतकी चूक साचेल. त्रुटीला अखेर नोकरी मिळाली, आठशे वर्षांनी.

त्रुटीच्या खालीही आता उतरंड बरीच लांब गेली आहे. नॅनो, पिको, फेम्टो, अ‍ॅटो. २०२३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल पियर अगोस्तिनी, फेरेन्स क्रॉस आणि अ‍ॅन लुइलिए यांना अ‍ॅटोसेकंदांच्या प्रकाशस्पंदांसाठी मिळालं. अगोस्तिनींच्या गटाने २००१ मध्ये २५० अ‍ॅटोसेकंदांच्या स्पंदांची मालिका मिळवली होती. एका त्रुटीत सुमारे साडेएकोणतीस लाख कोटी अ‍ॅटोसेकंद बसतात. इतका बारीक काळ नुसता लिहिणं नव्हे, प्रत्यक्ष मोजणं, हे भास्कराचार्यांच्या श्लोकापेक्षा कितीतरी मोठं कर्तृत्व आहे. तरी मापांची भाषा म्हणून विचाराल तर ही नवी उतरंड मला बेचव वाटते. प्रत्येक पायरी हजाराची, एकसारखी, इस्त्री केलेली. फेम्टो आणि अ‍ॅटो ही नावंदेखील डॅनिशमधल्या पंधरा आणि अठरा या आकड्यांवरून घेतलेली, दहाचा कितवा घात एवढंच सांगणारी. प्रयोगशाळेत हेच हवं, तिथे अठराच्या जागी कोणी धृति म्हटलं तर गोंधळच उडेल. पण तिच्यात डोळा नाही, श्वास नाही, आणि नाव उच्चारण्याआधी घ्यायचा तो विरामही नाही.

मूळ श्लोक पाहायचे असतील तर ‘सिद्धान्तशिरोमणी’ची कोणतीही सटीक प्रत चालेल. भास्कराचार्यांची स्वतःची वासनाभाष्य ही टीका सोबत असेल तर उत्तम. मराठीतून पार्श्वभूमी हवी असेल तर शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा १८९६ चा ग्रंथ अजूनही पहिला हाताशी घ्यावा असा आहे. श्लोक मात्र मोठ्याने म्हणून पाहा, गुरूला गुरूइतका वेळ देऊन. आणि भास्कराचार्यांच्या मागे त्यांच्या ग्रंथांचं काय झालं, असं कोणी विचारलं तर त्याला चाळीसगावजवळच्या पाटण्याचा शके ११२८ चा शिलालेख दाखवावा. भाऊ दाजी लाडांनी तो उजेडात आणला. आचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी तिथे मठ स्थापला. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, आणि मठाच्या खर्चाची तरतूद सांगणाऱ्या अखेरच्या ओळी जुन्या मराठीत.